पत्ता बरोबर, रस्ता गायब!

महाराष्ट्रात कळंब काही एकच नाही. एक आपलं, नालासोपाऱ्याहून निर्मळ ओलांडलं की समुद्राला टेकणारं. दुसरं धाराशिव जिल्ह्यात, तिसरं यवतमाळ जिल्ह्यात. तरी घरून आलेलं लाडवांचं पार्सल मराठवाड्यात जात नाही, याचं श्रेय पिनकोडला. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले संस्कृत कवी! (इंजिनीअर नव्हते, बरं का.) ४०१ म्हणजे आपल्याकडची थैली, ४१३ धाराशिवकडची, ४४५ यवतमाळची. मुंबईत पत्रं वेगळी करणाऱ्याला आपल्या गावातली गल्ली माहीत नसते. पुढची थैली कोणती, एवढंच त्याला पुरतं.

मित्रहो, आयपी राउटिंग म्हणजे हेच. समजा, होस्टेल व्हीलॅन १० मध्ये आहे (१९२.१६८.१०.०) आणि लॅब व्हीलॅन २० मध्ये (१९२.१६८.२०.०). साधा स्विच एका व्हीलॅनमधलं पाकीट दुसऱ्यात नेत नाही. त्याला लेयर-थ्री स्विच लागतो. त्यावर प्रत्येक व्हीलॅनला गेटवेचा पत्ता द्यायचा: 'इंटरफेस व्हीलॅन १०', मग 'आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०', मग 'नो शटडाउन'. व्हीलॅन २० लाही तसंच.

इथेच बरेच जण हात झटकून मोकळे होतात. होस्टेलमधून आपला गेटवे पिंग होतो, लॅबमधून लॅबचा होतो, पण होस्टेलमधून लॅबचा सर्व्हर काही केल्या मिळत नाही. उद्या सबमिशन, फाइल सर्व्हरवर, आणि सगळे केबलवाल्याच्या नावाने शंख करतायत! बिचाऱ्या केबलचा काही दोष नसतो. सिस्कोच्या बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर राउटिंग मुळात बंदच असतं. ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये 'आयपी राउटिंग' हे दोन शब्द टाकावे लागतात.

पण टाकण्याआधी बघा. 'शो आयपी राउट' दिल्यावर रस्त्यांच्या यादीऐवजी नुसती 'डिफॉल्ट गेटवे'ची ओळ आली, तर राउटिंग बंद आहे. चालू असेल तर यादी येते: 'सी' म्हणजे थेट जोडलेलं नेटवर्क, 'एल' स्विचचा स्वतःचा पत्ता, 'एस' हाताने टाकलेला रस्ता. व्हीलॅन २० ची 'सी' ओळच नसेल तर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' बघा. त्या व्हीलॅनचं एकही पोर्ट (ट्रंक धरून) चालू नसेल तर इंटरफेस 'डाउन' राहतो आणि त्याचा रस्ता यादीतून जातो.

दुसरी गोम इंटरनेटची. 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही कमांड राउटिंग बंद असतानाच उपयोगी. राउटिंग चालू केलं की स्विच तिच्याकडे बघत नाही. काल चालणारं आज बंद पडतं ते यामुळे. मग 'आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.०' आणि पुढे फायरवॉलचा पत्ता, असा रस्ता द्यायचा. ही 'बाकी सगळं' लिहिलेली थैली. यादीत ती 'एस'पुढे चांदणी लावून येते. नेमका रस्ता सापडला तर पाकीट तिकडे, नाहीतर इकडे. जास्त आकडे जुळणारा रस्ता नेहमी जिंकतो. ४ पेक्षा ४०१ नेमकं, तसंच.

आणि फायरवॉललाही सांगा की १०.० आणि २०.० ची उत्तरं या स्विचकडे परत पाठव. पत्र पोचलं, पण उत्तराला रस्ता नाही, हा प्रकार सगळ्यात जास्त छळतो, कारण स्विचवर सगळं हिरवंगार दिसतं. होस्टेलच्या पीसीवरून 'ट्रेसर्ट' मारा. पहिल्या ओळीत गेटवे आणि पुढे तारेच तारे आले, तर आधी परतीचा रस्ता तपासा.

स्विचचा पासवर्ड लॅबच्या सरांकडे असतो, तो तिथेच असू दे. पण 'शो'च्या या कमांड काही बदलत नाहीत. सरांना विनंती करून त्यांच्याशेजारी बसून यादी वाचायला हरकत नाही. तक्रार करताना 'नेट चालत नाही' पेक्षा 'गेटवे पिंग होतो, सर्व्हर होत नाही' असं लिहा. सरांचा अर्धा तास वाचेल.

सगळं जमलं की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' द्यायचंच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि सेव्ह न केलेलं राउटिंग लाइटबरोबर परत येत नाही.