बाळाला ऐकू येतंय ना?

गरोदर बाईने काय खावे, काय टाळावे हे सांगणारी माणसे आपल्याकडे घरोघरी असतात. पण सायटोमेगॅलो विषाणूचे नाव त्यांतल्या फार थोड्यांनी ऐकलेले असते. या ग्रीक नावाचा अर्थ ‘मोठी पेशी’. लागण झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेली दिसते, म्हणून हे नाव.

हा नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम करतो. निरोगी माणसाला बहुधा ते कळतही नाही. आपल्या देशात बहुतेक स्त्रियांना ही लागण लग्नाआधीच होऊन गेलेली असते. तपासणीच्या कागदावर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ लिहून आले, तर त्याचा अर्थ एवढाच. त्या कागदावरून गर्भपात झालेल्या सुनेला बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे.

गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर तीनांतल्या साधारण एका बाळापर्यंत विषाणू वारेतून पोहोचतो. पहिल्या तीन महिन्यांत इजा अधिक होते. जुना विषाणू पुन्हा जागा झाला तरी तो पोहोचू शकतो, मात्र ही शक्यता बरीच कमी.

लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळे जन्मतः ठणठणीत दिसतात. बाकीच्यांत कमी वजन, लहान डोके, कावीळ अशी लक्षणे आढळतात. खरी फसगत ठणठणीत दिसणाऱ्यांची होते. त्यांतल्या काहींचे ऐकणे पुढे हळूहळू मंदावते. ‘बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणत घरचे थांबतात आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

मग करायचे काय? विषाणू लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून पसरतो. दुपटी बदलल्यावर, शेंबूड पुसल्यावर गरोदर बाईने साबणाने हात धुवावेत. मोठ्या लेकराचे उष्टे खाऊ नये. पापी ओठांऐवजी कपाळाची घ्यावी, माया तेवढीच पोहोचते. लस अजून बाजारात आलेली नाही.

शंका असेल तर जन्मापासून २१ दिवसांच्या आत बाळाची लघवी किंवा लाळ तपासून घ्यावी. त्यानंतर लागण पोटातली की बाहेरची, हे सांगणे अवघड जाते. लक्षणे असलेल्या काही बाळांना डॉक्टर औषध देतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २०२३ पासून प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते. आपल्याकडे ती मागून घ्यावी लागते. लागण निघाली, तर पहिली कानतपासणी चांगली आली तरी पुढची काही वर्षे ती पुन्हा पुन्हा करून घ्यावी.

आईची अंगाई बाळाच्या कानी पोहोचते आहे की नाही, हे वेळेत कळले तर यंत्राने, उपचाराने किंवा खुणांच्या भाषेने पुढची वाट काढता येते.