सामाईक विहीर आणि संगणकाची पाळी



आपल्या या अंकांतून लागण, खोडवा, हुमणी, ठिबक यांविषयी आपण नेहमी वाचत असता. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तो शेताच्या बांधाबाहेरचा आहे असे मात्र समजू नये. गट कार्यालयात येणारी मंडळी अलीकडे एक तक्रार वरचेवर करतात. "साहेब, मोबाइल लय तापते, अन् पिकाचा फोटो काढाच्या टायमालेच अटकते. काहून?" कुणाच्या पोराने सोसायटीत किंवा दुकानात संगणक घेतला आहे, तो बिल काढताना घोगतो. मशीन जुने झाले, आता नवे घ्या, असा सल्ला लगेच मिळतो आणि दहा-पंधरा हजारांची फोडणी बसते. पुष्कळ वेळा मशीन खराब नसते. त्याच्या ताकदीची वाटणी बिघडलेली असते. ही वाटणी कशी होते व ती आपल्या हाती किती आहे, एवढेच या लेखात पाहू.

एक विहीर, चार भाऊ

संगणक असो वा मोबाइल, त्याच्या पोटात प्रोसेसर नावाची एक चकती असते. सगळी आकडेमोड तीच करते. दोन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला २०० कोटी ठोके. एवढी ताकद असूनही साध्या प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणाला एकच काम हाती घेतो. मग एकाच वेळी गाणे वाजते, फोटो उघडतो, मेसेजही येतो, हे कसे?

याचे उत्तर आपल्या सामाईक विहिरीत आहे. चार भावांची एक विहीर, एक मोटर. थोरल्याचे दोन तास, मधल्याचे दोन तास, अशी घड्याळी पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी संपली त्याचा ऊस पुरता भिजला असो वा नसो, व्हॉल्व्ह फिरतो. संगणकात पाळी तासांची नसते, काही मिलिसेकंदांची असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पाळी इतकी झपाट्याने फिरते की आपल्याला सगळी कामे एकदमच चालल्यासारखी वाटतात. पाळी फिरवणारा जो कारभारी आतल्या प्रणालीत बसलेला असतो, त्याला शेड्यूलर म्हणतात. तो पाटकऱ्याचे काम करतो.

प्रत्येक वेळी बारे बदलताना दांडात थोडे पाणी जिरते, हे आपण जाणतोच. संगणकातही काम बदलताना पहिल्याची मांडामांड बाजूला ठेवून दुसऱ्याची मांडावी लागते. त्यात थोडी ताकद वाया जाते. म्हणून वीस कार्यक्रम उघडून ठेवले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते आणि शिवाय जिरपही वाढते. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत होते.

ही पद्धत कुठून आली

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळातला फार मोठा संगणक बसला. संशोधक आपले गणित भोके पाडलेल्या कार्डांवर मांडून आणीत. गठ्ठा रांगेत लागे, आपला क्रमांक आला की ते गणित चाले. आपल्या कालव्याची शेजपाळी याच जातीची. एकाचे भिजणे झाले की पाणी शेजारच्याकडे सरकते. पद्धत शिस्तीची, पण एकाचे लांबले की मागचे सगळे ताटकळतात.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली घड्याळी पाळीने एकच संगणक अनेकांना वापरता येतो हे करून दाखवले. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये तेच तत्त्व चालते.

दुसरा मार्ग आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील माणसाने देशाला दाखवला. डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. अमेरिकेने अत्याधुनिक महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपा, अशी त्यामागची युक्ती होती. आजच्या साध्या मोबाइलातही बहुधा आठ गाभे असतात, काही थोराड बैलांसारखे, काही गोऱ्ह्यांसारखे. हलके काम गोऱ्ह्यांना, जड काम थोराड जोडीला.

पण कोयते वाढवले म्हणून तोड त्याच पटीत वाढत नाही. दहाच्या जागी वीस कोयते लावले, तरी फडातून निघायची वाट एकच असेल आणि काटाही एकच असेल, तर गाड्या तिथेच तुंबणार. संगणकाच्या कामातही काही भाग वाटून करता येतो, काही भाग एकामागून एकच करावा लागतो. म्हणून "आठ गाभ्यांचा घ्या, आठपट पळेल" असे दुकानदार म्हणाला तर मान डोलवू नये.

आपला याच्याशी संबंध काय

संबंध पैशाचा आहे. ऊस तुटला की त्याचे वजन घटू लागते आणि उताराही उतरतो. काट्यावरचा संगणक अडखळला तर मागे ट्रॅक्टर व टायरगाड्यांची रांग उन्हात सुकते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल अदा व्हायला हवे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. पंधरवड्याची बिले काढणारा संगणक ऐन दिवशी घोगला, तर त्याची झळ शेवटी सभासदालाच. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. नोंद राहिली तर मदतीच्या वेळी कागद अपुरा पडतो. बांधावर उभे असताना मोबाइलने मान टाकली तर दोष कुणाला द्यायचा?

पावसाचा अंदाजही यातूनच येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉप ताकदीचा महासंगणक आला आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा राष्ट्राला अर्पण झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. या ताकदीवर मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. पूर्वी अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, तो ६ किलोमीटरचा झाला. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि हिशेबही दुप्पट वेळा मांडावा लागतो. म्हणजे काम सुमारे आठपट. आपल्या जिल्ह्यात घाटावर एक पाऊस आणि घाटाखाली दुसराच. तेव्हा चौकोन जितका लहान तितके आपल्या हिताचे.

अशा प्रचंड यंत्रावरही पाळी चुकत नाही. संशोधनाची कामे रांगेत थांबू शकतात, रोजच्या अंदाजाला थांबता येत नाही. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग काय? कोणते काम आधी, कोणते मागे, हे ठरवणे हाच वाटणीचा खरा गाभा आहे.

अग्रक्रम, मर्यादा आणि राखीव वाटा

आपल्याला वाटणीत तीन प्रकारे हात घालता येतो.

पहिला प्रकार अग्रक्रमाचा. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता कार्यक्रम प्रोसेसरचा किती टक्के वाटा घेतो हे तिथे ‘सीपीयू’च्या रकान्यात दिसते. ‘डिटेल्स’मध्ये जाऊन कार्यक्रमावर उजवी कळ दाबली की ‘सेट प्रायॉरिटी’ येते. कमी महत्त्वाच्या कामाला ‘बिलो नॉर्मल’ द्यावे. महत्त्वाच्या कामाचा अग्रक्रम वाढवण्यापेक्षा बिनमहत्त्वाच्याचा उतरवणे केव्हाही बरे. ‘रिअल टाइम’ला तर हात लावूच नये, एकाने सगळी विहीर उपसली की माउस सुद्धा हलेनासा होतो.

दुसरा प्रकार मर्यादेचा. अग्रक्रम फक्त भांडण असेल तेव्हा कामी येतो. बाकीचे झोपलेले असतील तर मागचा गडीही सगळे पाणी घेतो, आणि त्यात काही बिघडत नाही. मर्यादा मात्र पाइपच्या तोंडाला लहान झाकण बसवल्यासारखी असते. विहीर भरलेली असली तरी तेवढेच पाणी. व्हायरस शोधणाऱ्या कार्यक्रमांना अशी मर्यादा घालता येते. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये तपासणीसाठी ती मुळातच सरासरी ५० टक्के ठेवलेली असते. संपूर्ण प्रोसेसरलाही लगाम घालता येतो. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ८० वर आणले की वेग थोडा उतरतो, पण उष्णता व वीज त्याहून जास्त वाचते. कारण वेग वाढवायला विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या पटीत चढतो. ट्रॅक्टर फुल रेसवर पळवला तर डिझेल कसे जळते, तसेच हे. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर काम करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

तिसरा प्रकार राखीव वाट्याचा. एखादे काम ठरावीक गाभ्यांवरच चालावे असे ‘अफिनिटी’ या पर्यायातून ठरवता येते. घरगुती वापरात याची गरज क्वचितच पडते, म्हणून जाणकाराला विचारल्याशिवाय त्यात पडू नये.

मोबाइलसाठी चार गोष्टी

१. सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ उघडून कोणते अॅप जास्त खाते ते पाहावे. गरज नसलेल्याचे पाठीमागचे चालणे तिथेच बंद करता येते. वापरातच नसेल तर काढून टाकावे.

२. उघडलेली सगळी अॅप दर पाच मिनिटांनी सरकवून बंद करण्याची सवय सोडावी. पाठीमागे शांत बसलेले अॅप फारसे काही खात नाही. पुन्हा पहिल्यापासून उघडायला मात्र जास्त ताकद लागते. चालू मोटर उगाच बंद-चालू करण्यासारखे ते आहे.

३. मोबाइल तापला की तो जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. घाटाखाली मलकापूर, शेगावकडे एप्रिल-मेच्या दुपारी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेला मोबाइल अडकला तर त्याचा दोष नाही. सावलीत ठेवावा, चार्जिंगला लावून जड काम करू नये, पाहणी सकाळीच उरकावी.

४. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. पलीकडच्या सर्व्हरलाही प्रोसेसरच असतो आणि त्यालाही पाळी लावावी लागते. सगळे एकदम आले की रांग लागणारच.

आधी रोग, मग औषध

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मंदपणाला प्रोसेसर कारण नसतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्क्यांवर आणि मेमरी ९५ वर दिसत असेल, तर प्रोसेसरला लगाम घालून उपयोग नाही. उघडी कामे कमी करावी किंवा मेमरी वाढवावी. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर दुखणे तिथे आहे. रेंजच नसेल तर मशीन बिचारे काय करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये. पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकू नका, आधी मूळ पाहा, हे मी आपल्याला फडात सांगत आलो आहे. इथेही तेच लागू आहे.

ज्या संगणकावर वजन किंवा बिलाचे काम चालते, त्यावर दुसरे काही ठेवू नये. गाणी नको, सिनेमा नको, फुकटची उतरवलेली सॉफ्टवेअरे तर नकोच. व्हायरसची तपासणी व प्रतींचे काम रात्री काम थांबल्यावर लावावे. संगणक सुरू होताच आपोआप उठणारे कार्यक्रम ‘स्टार्टअप’मधून कमी करावेत. या साध्या शिस्तीला एक पैसाही लागत नाही.

विहिरीवरून भांडणारे भाऊ आपण पाहिले आहेत. पाणी कमी असते म्हणून प्रत्येक वेळी भांडण होते असे नाही, पाळी ठरलेली नसते म्हणून होते. तेव्हा नवा मोबाइल अथवा संगणक घेण्यापूर्वी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून हातातल्या यंत्राची पाळी एकदा तपासून पाहावी. वाचलेले दहा हजार बेण्याला आणि ठिबकला लावावेत. तोडीची नोंद व पीक पाहणी मात्र मुदतीआधीच करून ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी