भेगा बुजल्या की मासा चढतो

मृग लागला की केळापूर तालुक्यातला शेतकरी आभाळाकडे पाहतो. कपाशी टोबावी की अजून थांबावे, हा त्याचा प्रश्न. खुनी नदीच्या आणि पैनगंगेच्या काठचा भोई त्याच दिवसांत नाल्याकडे पाहत असतो. पाऊस दोघांनाही हवा आहे, पण दोघांचा पाऊस एक नाही. पेरणीपुरती ओल झाली तरी चढणीचे मासे डोह सोडत नाहीत. त्यांना वाहता नाला लागतो, आणि नाला कधी वाहील हे इथली काळी माती ठरवते.

उन्हाळ्यात ही माती तडकते. भेगेत अख्खा हात जावा, एवढी ती रुंद आणि खोल. या मातीतले चिकणखनिज सुकले की आकसते, भिजले की फुगते. त्यामुळे पहिले काही पाऊस जोराचे असले तरी पाणी भेगांत उतरते, नाल्याच्या वाट्याला फारसे येत नाही. पुढे माती फुगून भेगा बुजल्या की तीच जमीन पाणी जिरवेनाशी होते. मग एखादी दमदार सर आली, की वावरावावरांतून गढूळ पाणी निघते, नाला दुथडी भरतो आणि नदीला पहिला पूर येतो. मासा चढतो तो या पुराला. म्हणून पर्जन्यमापकावरचा आकडा पाहून चढणीचा दिवस सांगता येत नाही. त्याआधी किती पाणी मुरले, हेही पाहावे लागते.

मे महिन्यात रोहू, मृगळ आणि त्यांच्या कुळातले इतर मासे नदीच्या डोहांत तग धरून असतात. पाणी तापलेले, साचलेले, क्षार वाढलेले. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. २५ अंशांना तो सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत जातो. अशा दिवसांतच माद्यांच्या पोटात अंडी वाढत असतात. पिकण्याची शेवटची पायरी तेवढी अडलेली असते. पुराचे पाणी येते ते थंड, वाहते, गढूळ आणि कमी क्षारांचे. हे सगळे बदल एकत्र अंगावर आले की मेंदूतून पियुषिका ग्रंथीला इशारा जातो, ग्रंथी संप्रेरक रक्तात सोडते आणि काही तासांत अंडी पिकतात. नर-माद्या प्रवाहाच्या उलट पोहत, नदीने नुकत्याच कवेत घेतलेल्या उथळ काठांकडे निघतात.

भारतातल्या मत्स्यशेतीला या ग्रंथीचा मोठा उपयोग झाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पियुषिकेचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्याआधी रोहू-कटल्याचे बीज पुराच्या नदीतून गोळा करावे लागे, कारण साचलेल्या तळ्यात हे मासे अंडी देत नाहीत. आज तळ्या-धरणांत सोडली जाणारी बोटुकली मुख्यतः याच शोधाच्या वाटेने येते, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

समुद्रातून नदीत चढणाऱ्या सॅमनच्या मासेमारीतही युरोप-अमेरिकेत पाण्याचा असाच बारकाईने विचार होतो. स्कॉटलंडच्या टे नदीवर हंगाम १५ जानेवारीला उघडतो. पाणी फार थंड असेल तर सॅमन धबधब्यांच्या खाली अडून राहतात. पाऊस होऊन पाणी चढले आणि उतरू लागले की पुढे सरकतात. आपल्या पैनगंगेचे पाणीही वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्या समुद्रातून सॅमनसारखाच हिलसा गोदावरीत चढतो. १८५२ मध्ये पूर्ण झालेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने त्याची वाट अडवली. आपल्या भागातल्या माशांना समुद्र लागत नाही. त्यांचा प्रवास डोहापासून नाल्यापर्यंतचा. पण अडथळ्याची गोष्ट तीच.

पावसाचे वेळापत्रकही आता बेभरवशाचे झाले आहे. २०२३ मध्ये मोसमी पाऊस विदर्भात उशिरा आला आणि २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. पूर यायला फार उशीर झाला तर पोटातली पिकायला टेकलेली अंडी मासळीच्या शरीरातच विरतात. पूर आला आणि लगेच ओसरला तर उथळ पाण्यातली अंडी उघडी पडतात; उबायला त्यांना १४ ते २० तास तरी पाणी हवे असते. पहिल्या लोंढ्याबरोबर काडीकचरा आणि कुजका पाला नदीत येतो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. पूर आल्यावर मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात, त्याचे एक कारण हे. माशांच्या दृष्टीने पहिला पूर म्हणजे संधी आणि धोका दोन्ही.

पाऊस आपल्या हातात नाही, वाट मात्र आहे. खुनी नदीवरच्या सायखेडा धरणाची भिंत मासा ओलांडू शकत नाही, पण कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे दारे बंद करणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी निघाले तर त्या दारांतून तो वर जाऊ शकतो. हे बर्गे अडकून राहिले, की चढणीचे मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी गोळा होतात आणि एका रात्रीत जाळ्यात जातात. डोहातली वाळू उपसली की माशांना मे महिन्यात थांबायला जागाच उरत नाही, मग जूनमध्ये चढणार कोण?

भोयांनी पूर्ण मासेमारी थांबवावी, असे मी म्हणणार नाही. त्यांची चूल याच दिवसांवर पेटते. पण नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवे जाळे लावणे आणि अर्धी वाट मोकळी सोडणे यात फार फरक आहे. एक किलोच्या रोहूच्या मादीत दोन-तीन लाख अंडी असतात. ग्रामपंचायतींनी मेअखेर बर्गे काढून घ्यावेत, आणि पहिल्या पुराचे आठ दिवस निदान अर्धा नाला माशांसाठी उघडा ठेवावा.