संगणकाबरोबर कोण कोण जागं होतं?

मैत्रिणींनो, संगणक सुरू करून चहा होईस्तोवर वाट पाहावी लागते ना? मग त्याच्याबरोबर आपोआप कोण कोण जागं होतं, ते एकदा पाहाच. विंडोज १० किंवा ११ असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’मध्ये ‘स्टार्टअप’ची यादी सापडेल. अँटिव्हायरस राहू द्यावा. नको त्या नावावर माउसचं उजवं बटण दाबून ‘डिसेबल’ करावं. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. नावावर मात्र भुलू नका. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे विंडोजचंच नाव, पण या यादीत त्याचं काम नाही. दिसलंच, तर तोतया असल्याचा संशय घ्या. अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी होईपर्यंत बँकेचा पासवर्ड तिथे टाकू नका, बरं का!