कागद, कायदा आणि घरची भाषा

मंडळी, आजचा विषय दिव्यांग लेकरांच्या आईबापांचा आहे, पण सुरुवात आपण भाषेपासून करू. समजा, चुडाव्यासारख्या गावातून एक माय लेकराला घेऊन परभणीला जाते. तपासणी होते, प्रमाणपत्र हातात पडतं. त्यावर इंग्रजीत असतं, सेरेब्रल पाल्सी, टक्के इतके, प्रमाणपत्र तात्पुरतं, फेरतपासणी अमुक साली. माय एवढंच समजते की कागद झाला, आणि तो पेटीत ठेवून देते. मुदत निघून जाते, सवलत अडते. इथं कायदा नव्हता असं नाही. कागद आणि माय यांच्यात बोलणं झालं नाही.

कायदा चांगला आहे. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या लेकराला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची निवडायची की विशेष, हेही त्यांच्याकडं. 14 वर्षं झाली की संपलं, असं पुष्कळांना वाटतं, ते दिव्यांग लेकरांना लागू नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. लेकरू 18 वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान. मग बँकेत, व्यवहारात आईबापाची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येतं. आता 'आम्ही जन्म दिला, आणखी कोणतं पालकत्व?' असं एखादा बाप विचारील. त्याचा प्रश्न बरोबरच आहे. 'पालक' हा शब्द घरात एक अर्थ सांगतो, कचेरीत दुसरा. त्या दोन अर्थांमधला सांधा कुणीतरी जोडून द्यावा लागतो. तो जोडणारा माणूस, त्यालाच आपण दुभाषी आधार म्हणू.

कुणी म्हणेल, मग सगळं मराठीत करा म्हणजे झालं. 1964 च्या कायद्यानं मराठी राज्याची राजभाषा आहेच, त्यामुळं अर्ज मराठीत देताना संकोच करू नये. पण 'लक्षणीय दिव्यांगत्व' हे मराठी असलं तरी शेतात राबणाऱ्या बाईला ते इंग्रजीइतकंच परकं. शिवाय आपल्या भागात घरं एका भाषेची नाहीत. कुठं दखनी, उर्दू, तांड्यावर गोरमाटी, कुठं तेलुगू. आणि कर्णबधिर लेकराची भाषा तर खुणांची. 2016 च्या कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच भाषा, ब्रेल, मोठी अक्षरं, सांकेतिक भाषा हे सगळं धरलेलं आहे. म्हणजे समजेल असं सांगणं ही कायद्यातलीच गोष्ट आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. अमेरिकेत 1975 च्या कायद्यानं अशा मुलांच्या आईबापांना शाळेची सूचना शक्यतो त्यांच्या मातृभाषेत द्यावी, असा दंडक घातला.

आपल्याला हे नवीन नाही. केशवदेव संस्कृतात लिहू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण मग म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील. महानुभावांनी जे धर्मात केलं, तेच कचेरीत करायचं आहे. आणि निजामी राजवटीत उर्दू कागद वाचून घ्यायला कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागे, ही गोष्टही मराठवाड्याला सांगायला नको.

आणखी एक समज काढून टाकू. 'लेकरू आधीच मागं आहे, त्याच्याशी एकच भाषा बोला, शाळेचीच बोला,' असा सल्ला मिळतो. 2005 साली कॅनडात डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास झाला. दोन भाषा ऐकत वाढलेली मुलं इंग्रजीत एकभाषी मुलांपेक्षा मागं नव्हती. आजीची भाषा तोडली तर लेकराचा आजीशीच संबंध तुटतो, फायदा काहीच नाही.

आता करायचं काय? गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी, आशाताईंनी, शिक्षकांनी कागद हाती आला की नुसता वाचून दाखवू नये. चार गोष्टी सांगाव्यात: यात लिहिलंय काय, याची मुदत कधीपर्यंत, हा दाखवायचा कुठं, आणि काम नाही झालं तर जायचं कुणाकडं. मग माईलाच विचारावं, 'आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?' तिनं तिच्या शब्दांत सांगितलं तरच काम झालं. अर्जाची पोच घ्यावी. काम अडलंच, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं पुण्याला मराठीत तक्रार धाडता येते. आणि दुभाष्याचं काम त्या लेकराच्या शाळकरी बहिणीवर टाकू नये. टक्के, आजार, पुढं काय होणार, हे आईला सांगण्याचं ओझं तिच्या वयाचं नाही.

तत्त्वज्ञानात शब्दाला प्रमाण मानतात, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळला तरच. न कळलेला शब्द म्हणजे नुसता आवाज. हक्काचंही तसंच आहे. तो मायबापाला कळेल तेव्हाच त्यांचा होतो. आपल्या गावात असं एक जरी घर असेल, तर त्यांचा कागद या आठवड्यात उघडून बघा.