वाटीभर व्हिनेगर, एक अंडं

आमच्या ओट्यावर गॅसच्या उजव्या बाजूला एक पांढुरका गोल डाग आहे. तो शेजारच्या सहावीतल्या मुलीनं पाडला असं मी सगळ्यांना सांगते. पण वाटीखाली ताटली ठेवायची आठवण जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला राहायला हवी होती.

"आजी, अंडं चेंडूसारखं उडतं म्हणे, करूया ना?" म्हणत ती आली. चायनीजसाठी आणलेलं व्हिनेगर घरात होतंच. वाटीत अंडं ठेवून तिनं ते जेमतेम बुडेल एवढंच ओतलं. कवचावर बुडबुडे फुटले, वर तपकिरी फेस आला, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर अर्धं कवच तसंच. "अंडंच खराब निघालं," तिचा निकाल.

अंडं चांगलं होतं, हिशेब चुकला होता. कवचाचं वजन ५-६ ग्रॅम, त्यात शेकडा ९४-९५ भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल ती खातं. कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून निघून जातो आणि कॅल्शियम अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळतं. पण १०० ग्रॅम चुनखडीला १२० ग्रॅम आम्ल लागतं. म्हणजे ५ ग्रॅमला ६ ग्रॅम. बाटलीतलं व्हिनेगर ४ टक्क्यांचं धरलं, तर एका अंड्याला दीडशे मिली, वाटीभर झालं. तेही आम्ल संपत येईल तसं मंदावतं, म्हणून दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदलायचं. पुस्तकांत हा आकडा क्वचितच असतो, आणि मुलं अंड्याला दोष देतात.

व्हिनेगर बदलल्यावर अंडं उघडं पडलं: पातळ पापुद्र्यात, उजेडात धरलं की आतला पिवळा बलक दिसेल असं. आकारानंही फुगलेलं, कारण पापुद्र्यातून पाणी आत शिरतं. साखरेच्या घट्ट पाकात ठेवलं तर तेच पाणी बाहेर पडून अंडं सुरकुततं. चार बोटांवरून सोडलं तर उडतं. त्याहून वरून सोडायचा हट्ट धरला तर पुसायला फडकं घ्या. खायचं मात्र नाही.

मग आम्ही जे दिसेल त्यावर व्हिनेगर टाकत सुटलो. वर्सोव्याच्या तिसऱ्यांचे शिंपले फसफसले. रस्त्याच्या कामावरची काळी खडी ढिम्म. ती बेसाल्टची, आपल्या गिल्बर्ट हिल टेकडीच्याच जातीची. त्यात चुनखडी नाही, सिलिकेटं आहेत.

आणि ओटा? तोही काळाच, म्हणून मी निर्धास्त होते. पण ओटा कडप्प्याचा, आणि कडप्पा हा चुनखडीचा दगड. वाटीच्या बुडाला लागलेलं व्हिनेगर रात्रभर त्याला खात बसलं. लिंबू चिरून तसंच ठेवलं तरी हेच होतं. हा डाग घासून जात नाही, दगडाला पुन्हा पॉलिशच करावं लागतं.