सेकंडहँड एसयूव्ही : घ्यावी की न घ्यावी?

हॉस्टेलमध्ये रात्री जेवण झालं की दोन विषय हमखास निघतात. एक सबमिशन आणि दुसरा गाडी. नवीन एसयूव्ही आपल्या आवाक्याबाहेर, पण चार-सव्वाचार लाखांत दहा-बारा वर्षं जुनी सात सीटर दारात उभी राहू शकते. मोह होणारच! मग कोणीतरी विचारतं, "पण टिकेल का?" आणि प्रत्येक जण आपापल्या मामाचं उदाहरण देतो. एकाच्या मामाची गाडी तीन लाख किलोमीटर चालली, दुसऱ्याच्या मामाची पहिल्याच पावसाळ्यात बसली. दोघंही खरंच सांगत असतात. म्हणून मामांना बाजूला ठेवून या प्रश्नाकडे इंजिनीअरिंगच्या नजरेने कसं बघायचं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते.

आधी काम ठरवा

रिलायबिलिटीची आपल्या पुस्तकातली व्याख्या आठवा. ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळासाठी, ठरलेलं काम बिनबोभाट होण्याची शक्यता म्हणजे रिलायबिलिटी. म्हणजे "ही गाडी रिलायबल आहे का?" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या कामासाठी, हे आधी सांगायला पाहिजे.

आमचं घर चिखल्याला, डहाणू-बोर्डी रोडवर, समुद्रापासून अगदी जवळ. चिकूची थोडी वाडी आहे. आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी उंबरगाव-भिलाड करून वापीला न्यावं लागतं. ट्रेनचे जिने आता तिला जमत नाहीत. त्यामुळे पप्पा आणि काका गेले काही महिने जुनी एसयूव्ही शोधतायत.

आता बघा, मित्रांबरोबर बोर्डीच्या बीचवर जाताना गाडी बंद पडली तर फोटो काढून हसता येतं. वाडीतून क्रेट नेताना बंद पडली तर दुसरा टेम्पो बोलावता येतो. पण जुलैच्या पावसात, आजी मागच्या सीटवर असताना, भिलाडच्या अलीकडे गाडी टोचन करायची वेळ आली तर? गाडी तीच, बिघाड तोच, पण नुकसान वेगळं. म्हणून पहिलं काम म्हणजे कागदावर लिहायचं : गाडी कशासाठी, महिन्यातून किती फेऱ्या, आणि बंद पडली तर दुसरी सोय काय.

अजून एक साधी गोष्ट. एसयूव्ही उंच असते. वयस्कर माणसाला कमरेतून वाकावं लागत नाही हे खरं, पण पाय उचलून चढावं लागतं. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांना एकदा त्यात बसवून बघा. इंजिन नंतर बघता येईल!

बाथटब कर्व्ह

यंत्राच्या बिघाडांचा ग्राफ काढला तर तो आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण बनवतानाचे दोष बाहेर येतात. मग लांब सपाट भाग, जिथे बिघाड कमी आणि योगायोगाने होतात. शेवटी पुन्हा चढ, कारण भाग झिजतात.

पण एसयूव्ही म्हणजे एकच यंत्र नाही. इंजिन, टर्बो, क्लच, इंजेक्टर, सस्पेन्शनचे बुश, रेडिएटर, वायरिंग, चासी, प्रत्येकाचा टब वेगळा. बारा वर्षांच्या गाडीत क्लच मागच्या वर्षी बदललेला असेल तर तो भाग तरुण आहे, आणि रबरी होजपाइप मूळचेच असतील तर ते म्हातारे आहेत. म्हणून "कितवं मॉडेल?" एवढं विचारून भागत नाही. "कोणता भाग कधी बदलला, आणि बिल आहे का?" हे विचारायचं. बिलांची फाइल ठेवणारा मालक भेटला तर दहा-वीस हजार जास्त द्यायलाही हरकत नाही, असं माझं मत.

इंजिन दुरुस्त होतं, चासी होत नाही

आमच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा गंज. चिखल्याला खिडक्यांचे ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते. खाऱ्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं. मीठ विरघळलेलं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे गंजण्याची इलेक्ट्रोकेमिकल क्रिया वेगाने होते. शिवाय लोखंडावर तयार होणारा संरक्षक थर क्लोराइडमुळे फुटतो. त्यात हौसेने वाळूत घातलेली गाडी असेल तर विचारूच नका!

बोलेरो, स्कॉर्पिओ (२००२ साली आलेली), टाटा सफारी स्टॉर्म (२०१२ ते २०१९) या गाड्यांत खाली शिडीसारखी लोखंडी चासी असते आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली असते. २०११ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ५०० मध्ये अशी वेगळी चासी नाही, बॉडीच भार उचलते. पहिल्या प्रकारात चासीचे लांब रूळ आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय त्या जागा बघायच्या. दुसऱ्या प्रकारात फ्लोअरचा पत्रा, दरवाजाखालचा भाग आणि शॉकअपच्या माउंटिंगच्या जागा.

तपासायला टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं थपथप. वरवरची लाली चालते. पापुद्रे सुटत असतील किंवा भोक असेल तर उठून हात झाडायचे. आणि बारा वर्षांच्या गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला तर तो कशासाठी मारलाय, हे विचारायचंच.

पप्पांनी बघितलेली पहिली गाडी २०१३ ची, जीजे-१५ पासिंगची. मीटरवर ९२ हजार, किंमत सव्वाचार लाख. वरून चकाचक. एजंट सगळं पप्पांनाच सांगत होता, मी खाली टॉर्च घेऊन. मागच्या सस्पेन्शनजवळ काळ्या रंगाखाली वेल्डिंग केलेली पट्टी सापडली. एजंट म्हणाला, "दरियाकिनारानी गाडी छे बेन, एटलुं तो चाले." आम्ही ती गाडी सोडली. क्लच, टर्बो, इंजेक्टर, सगळं पैसे टाकून नवीन मिळतं. कुजलेल्या चासीवर पट्टी मारता येते, पण तिची मूळची ताकद परत येत नाही.

बाकीची तपासणी, थोडक्यात

१) गाडी थंड असतानाच बघा. आधीच सांगून ठेवा की सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम इंजिन बरेच दोष लपवतं.

२) धूर : सतत काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे इंजेक्टर, फिल्टर किंवा टर्बो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका.

३) इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. धूर जोरात फकफक बाहेर आला तर पिस्टन रिंग झिजल्यात.

४) मीटरवर विश्वास ठेवू नका, तो मागे नेता येतो. स्टिअरिंग, पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीट किती झिजलीय ते बघा. टायरवर शेवटी चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी "तीसच हजार चाललीय" आणि टायरचा दुसरा सेट संपत आलाय, असं असेल तर गणित चुकतंय.

५) ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत उपयोगी पडतो. एकही फॉल्ट कोड नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हे बऱ्याच गाड्यांत दिसतं. तिथे "८" आलं तर काल रात्रीच पुसलाय!

६) पुरात बुडालेली गाडी ओळखा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात होतं. अशी गाडी धुऊनपुसून छान दिसते. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ राहते. सीटचे रूळ आणि कार्पेटखालचा पत्राही बघा.

कागदपत्रं

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असा समज आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीचं तसं नाही. पंधराव्या वर्षी फिटनेस तपासून नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. मात्र एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१३ ची गाडी आज घेतली तर २०२८ चा खर्च आत्ताच हिशोबात धरायचा.

आम्ही गुजरात बॉर्डरवरचे, त्यामुळे वापी, दमण, सिल्वासाच्या गाड्या स्वस्त दिसतात. दिल्लीकडच्याही दिसतात, कारण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबत २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिले आणि तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. पण बाहेरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एनओसी, नवीन नंबर आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी वितळते. लोन फिटलेलं आहे का, चलनं बाकी आहेत का, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा, हेही लक्षात ठेवा.

आता गणित

समजण्यासाठी आकडे मानू. पहिल्या दोन वर्षांत क्लच जाण्याची शक्यता ५०%, खर्च ३० हजार : अपेक्षित १५ हजार. टर्बो २०%, ४५ हजार : ९ हजार. इंजेक्टर २५%, ६० हजार : १५ हजार. सस्पेन्शन ८०%, २५ हजार : २० हजार. टायर नक्कीच, ३६ हजार. बेरीज ९५ हजार. म्हणजे सव्वाचार लाखांची गाडी खरं तर पाच लाख वीस हजारांची.

पण अपेक्षित खर्च म्हणजे सरासरी, आणि आपण शंभर गाड्या घेत नाही, एकच घेतो. सगळंच एकदम गेलं तर? वरची पूर्ण बेरीज एक लाख ९६ हजार येते. तेवढा धक्का घर सोसू शकेल का, हा खरा प्रश्न. सोसणार नसेल तर गाडी कितीही चांगली वाटो, ती आपल्या बजेटची नाही.

यावरून घरी तीन गोष्टी ठरल्या. साडेचार लाखांतले किमान एक लाख बाजूला राहतील, म्हणून गाडी साडेतीनच्या वर नाही. शक्यतो किनाऱ्यापासून लांबची, नाशिककडची गाडी बघायची. आणि गाडी घेतली तरी पहिले दोन महिने ती वाडीच्या कामालाच चालवायची. आजीला मात्र आत्तासारखं भाड्याच्या इकोनेच न्यायचं. त्या दोन महिन्यांत जे बिघडायचं ते चिकूंबरोबर बिघडू दे! काकांना हे फारसं पटलेलं नाही, पण आजीला पटलंय.

तुमच्या घरी कोणी गाडी बघत असेल तर चासीखाली झोपायला संकोच करू नका. स्कॅनर माझ्याकडे आहे, लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नको!